ईयोबाचे गाऱ्हाणे : बायबलमधील ज्ञानसाहित्य आणि त्याचे निरूपण



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर आहे, मागील पडद्यावर आहे आणि अध्यक्षांनी ते आदराने उच्चारलेही आहे. मी मात्र त्यांना 'मास्तर' एवढेच म्हणणार आहे. १९६२ च्या जून महिन्यात, गोवा मुक्त होऊन सहा महिने झाले असता, मी या शाळेत इयत्ता सहावीत येऊन बसलो. तेव्हापासून त्यांच्या अखेरीपर्यंत मी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही; आता पंचाहत्तरी उलटल्यावर ती सवय मोडण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

व्याख्यानाचा विषय कळताच काही स्नेह्यांनी पृच्छा केली की, आयुष्यभर संतवाङ्मय शिकवलेल्या माणसाने उतारवयात बायबलकडे का वळावे? या प्रश्नाला माझ्यापाशी दोन उत्तरे आहेत. एक अभ्यासकाचे आहे, ते आरंभी देतो. दुसरे कबुलीच्या स्वरूपाचे आहे; त्याची वेळ आली म्हणजे तेही देईन.

मास्तरांच्या घरी भिंतीतल्या कपाटात ज्ञानेश्वरी होती, तुकोबांची गाथा होती आणि त्यांना लागूनच काळ्या कापडी बांधणीचे मराठी बायबल होते. मास्तर सकाळी पूजा केल्यावाचून चहा घेत नसत. परंतु पुस्तकांच्या बाबतीत त्यांनी सोवळेओवळे कधी मानले नाही. मराठी गद्य कोठे कोठे घडत गेले ते पाहायचे असेल तर हेही पुस्तक चाळले पाहिजे, असे ते आम्हाला सांगत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात वेचली. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. एका एकट्या बाईने एवढा ग्रंथ मराठीत आणावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेली नाही, हे मला येथे सांगितलेच पाहिजे. आमच्या हयातीत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले आणि मराठी वाचकांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. २०२४ साली फादर गेले. त्यांच्याशी या विषयावर बोलायचे राहून गेले, ही माझी खंत आहे.

बायबलच्या जुन्या करारातील तीन ग्रंथांना अभ्यासक 'ज्ञानसाहित्य' म्हणतात : नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक. कॅथलिक बायबलमध्ये यांच्या जोडीला शलमोनाचे म्हटले जाणारे ज्ञानाचे पुस्तक आणि सिराखपुत्राचा ग्रंथ असे आणखी दोन आहेत. या ग्रंथांची पहिली लक्षणीय गोष्ट अशी की, नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक यांत इस्राएलाच्या इतिहासाचा जवळजवळ मागमूस नाही. मिसरातून सुटका नाही, सीनाय पर्वत नाही, करार नाही. ईयोब तर इस्राएलीही नव्हे. तो ऊस देशाचा. 'नीतिसूत्रां'तील बाविसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धापासूनचा मोठा भाग आमेनेमोपे नावाच्या मिसरी लेखकाच्या बोधवचनांशी कमालीचा जुळतो. ती मिसरी पोथी १९२३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी एर्मान या जर्मन पंडिताने हे साम्य दाखवून दिले. म्हणजे हे शहाणपण सीमा ओलांडून आलेले आहे. त्याला कोणाच्याही ओसरीवर बसता येते.

ज्याला मराठी बायबलमध्ये 'ज्ञान' म्हटले आहे तो हिब्रू शब्द 'होख्मा' असा आहे. सुताराचे, विणकराचे, सोनाराचे हातचे कौशल्य यालाही हिब्रूत हाच शब्द. आपल्या डिचोलीचा कुंभार फिरत्या चाकावर मातीचा गोळा ठेवून अंगठ्याने किती दाब द्यावा हे जाणतो. ते जाणणे म्हणजे होख्मा. ज्ञान हा शब्द आपल्या कानांना फार उंचावरचा वाटतो. 'कसब' म्हटले तर अर्ध्याहून अधिक अर्थ पदरात पडतो. आणि हे ज्ञान राहते कोठे? नीतिसूत्रकाराने त्याला स्त्रीरूप दिले आहे. ही स्त्री मंदिरात बसत नाही. ती चव्हाट्यावर, वेशीच्या तोंडाशी, वर्दळीच्या जागी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. मी जेव्हा जेव्हा हा भाग वाचतो तेव्हा मला आपला शुक्रवारचा म्हापशाचा बाजार दिसतो. चवरीची केळी, सुके मासे, मातीची भांडी, मिरच्यांचे ढीग, आणि त्या गलबल्यात उभी राहून ही बाई ओरडते आहे की तराजू खोटा ठेवू नका. खोट्या वजनांविषयी या ग्रंथात एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे.

'नीतिसूत्रां'वर प्रवचन करणे सोपे वाटते. सुटे वाक्य उचलावे, त्याला दोन दृष्टांत जोडावेत, की अर्धा तास निघतो. पण सूत्रसंग्रह करणाराच निरूपणकाराची फजिती करून ठेवतो. सव्विसाव्या अध्यायात, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नये असे एक सूत्र आहे. आणि त्याच्या लगोलग, द्यावे असे दुसरे आहे. संग्राहकाची ही नजरचूक नव्हे. आपल्या म्हणींचे पाहा. 'पाच मुखी परमेश्वर' असे आपणच म्हणतो आणि 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असेही आपणच म्हणतो. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कोणती केव्हा बोलायची हे ज्याला कळते तो शहाणा. म्हणीचे खरेपण तिच्या वेळेत असते. वेळ चुकली की तीच म्हण असत्य होते, आणि कित्येकदा क्रूर होते.

येथे माझ्या कबुलीची वेळ आली.

१९८१ साल होते. मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून मला दोन वर्षे झाली होती, त्यामुळे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण यांविषयी मी कोठेही, कितीही वेळ बोलू शकत असे. त्या पावसाळ्यात मास्तरांची एकुलती एक मुलगी तापाच्या दुखण्याने आठ दिवसांत गेली. एकोणीस वर्षांची होती. मी समाचाराला गेलो. मास्तर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, बाई दाराशी. कोणी बोलत नव्हते. ती शांतता मला सोसवेना, म्हणून मी बोलू लागलो. जे घडते ते पूर्वसंचितानुसार घडते, पेरावे तसे उगवते, या जन्मीचे नसले तरी मागील जन्मीचे काही देणे असते, ते फिटले म्हणजे जीव मोकळा होतो, असे मी बोलत गेलो. संतवचने मला मुखोद्गत होती. त्यांचा मी आधार घेतला. मला वाटते, मी तासभर बोललो असेन. मास्तरांनी मान वर केली नाही. बाईंनी मात्र एकच वाक्य उच्चारले, "दिवा लावायची वेळ झाली," आणि त्या आत गेल्या.

महिन्याभराने शाळेतला एक मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुस्तक घेऊन माझ्या दारी आला. ते मास्तरांचे बायबल होते. आत कदंब बसचे तिकीट खुणेसाठी घातले होते. ते 'ईयोबा'च्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी होते. ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याच्यावर कोसळलेली विपत्ती ऐकून आपापल्या गावाहून येतात, दुरून त्याला ओळखतही नाहीत, मोठ्याने रडतात, आणि त्याच्यापाशी सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून त्यांच्यातला कोणी एक शब्दही बोलत नाही. त्या ओळींखाली मास्तरांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते : 'येथपर्यंत ते बरोबर होते.'

मी पुढची पाने उलटली. तिसऱ्या अध्यायात ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. चौथ्या अध्यायात अलीफज बोलू लागतो. आणि काही ओळींतच तो म्हणतो त्याचा आशय असा की, जे अनर्थ पेरतात ते त्याचेच पीक कापतात. पेरावे तसे उगवते. माझेच वाक्य, त्याच्या तोंडी! पंधरा दिवसांनी निरोप आला की पुस्तक परत हवे आहे. मी ते पोचते केले, ओसरीवर ठेवले आणि काही न बोलता परतलो. त्या प्रसंगाविषयी मास्तरांनी नंतर कधी अवाक्षर काढले नाही. मी मात्र त्या दिवसापासून हा ग्रंथ वाचतो आहे.

आता अभ्यासाकडे वळतो. 'ईयोब' हा बेचाळीस अध्यायांचा ग्रंथ. त्याचे पहिले दोन अध्याय आणि अखेरच्या अध्यायाचा उत्तरभाग गद्यात आहे. मधला सारा विस्तार काव्यात. गद्य कथा आपल्या ओळखीची वाटावी अशीच आहे. देवाच्या दरबारात एक जण विचारतो की ईयोब भक्ती करतो ती फुकट का? हिब्रूत या विचारणाऱ्याला 'सातान' म्हटले आहे, पण त्या शब्दाला निश्चयवाचक उपपद लावलेले आहे. म्हणजे येथे ते विशेषनाम नसून एक पद आहे, दरबारातला फिर्यादी म्हणावा असा. मग ईयोबाची परीक्षा होते : गुरे जातात, चाकर जातात, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात घर कोसळून मरतात, अंगभर गळवे उठतात.

पेडण्यात दशावतारी नाटके पाहत वाढलेल्या माणसाला येथे राजा हरिश्चंद्र आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही परीक्षा आहे, राज्य जाते, बायकोमुलाची विक्री होते, डोंबाघरी पाणी भरावे लागते, मुलगा सर्पदंशाने मरतो. परंतु एक भेद आहे आणि तो मूलगामी आहे. हरिश्चंद्र सत्त्व ढळू देत नाही आणि परीक्षा घेणाऱ्याला जाबही विचारत नाही. ईयोब पहिल्या दोन अध्यायांत हरिश्चंद्रासारखा आहे. तिसऱ्यापासून तो जाब विचारतो. त्याला न्यायालय हवे आहे. आपल्यावरील आरोपपत्र लेखी हवे आहे. देव सापडत नाही म्हणून तो पूर्वेला शोधतो, पश्चिमेला शोधतो.

व्याख्यात्यांनी यातला कोणता ईयोब उचलला? बहुतांशी पहिला. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराचा उल्लेख आहे. त्यावरून 'सहनशील ईयोब' ही प्रतिमा रूढ झाली. थोरला ग्रेगरी हा पुढे पोप झालेला संन्यासी. त्याने सहाव्या शतकात या ग्रंथावर पस्तीस भागांचे भाष्य रचले. कॅल्व्हिनने १५५४-५५ साली जिनिव्हात ईयोबावर एकशे एकोणसाठ प्रवचने केली. एवढी मोठी निरूपणपरंपरा पाठीशी असूनही सामान्य श्रोत्याच्या कानी काय पडते? द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक पंथात रविवारच्या वाचनांचे जे तीन वर्षांचे चक्र ठरले, त्यात ईयोब साधारण रविवारांपैकी दोनच रविवारी येतो, तोही मोजक्या ओळींपुरता, उपदेशक एकदाच. आठवड्यातल्या इतर दिवशी ते अधिक वाचले जातात हे खरे; पण इतर दिवशी मिसेला किती जण जातात, हे आपण सर्व जाणतो. तिन्ही मित्रांची भाषणे आणि ईयोबाची प्रत्युत्तरे रविवारच्या भाविकाला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. आपल्या कीर्तनाच्या भाषेत सांगायचे तर आख्यान लागले आणि निरूपण गाळले.

आणि जे निरूपण होते त्यात आणखी एक घोटाळा होतो. मित्रांची भाषणे फार सुंदर आहेत. अलीफजाला रात्री झालेल्या दृष्टांताचे वर्णन वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. साहजिकच प्रवचनकार त्यांतून एखादे वाक्य उचलतो, 'बायबल म्हणते' असे म्हणतो आणि विस्तार करतो. परंतु बायबल ते म्हणत नाही, अलीफज म्हणतो. शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला स्पष्ट बजावतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्याने देवाची बाजू घेतली तो चुकला, आणि ज्याने देवावर फिर्याद केली तो बरोबर! ज्ञानसाहित्याचे निरूपण करणाऱ्याने वाक्य काय आहे हे पाहण्याआधी ते कोणाच्या मुखी आहे हे पाहिले पाहिजे. नाटक शिकवताना आपण हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. धर्मग्रंथ हाती आला की का विसरतो, कोण जाणे.

अलीफज इतिहासजमा झाला आहे असे समजू नका. २०२५ च्या मे महिन्याच्या आरंभी शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविकांचे प्राण गेले. लईराई आणि आपली म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, असे आपण बार्देश-डिचोलीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. दोन्ही उत्सवांना दोन्ही धर्मांचे लोक जातात. त्यामुळे ते दुःख साऱ्यांचेच होते. त्यानंतरच्या दिवसांत, 'कोणाचे तरी सोवळे मोडले असणार' असे उद्गार मी माझ्या कानांनी ऐकले. गर्दी, अरुंद वाट, व्यवस्था यांचा विचार नंतरचा. आधी मेलेल्याच्या पदरी दोष. बोलणारी माणसे वाईट नव्हती. त्यांना भीती वाटत होती. जग हिशेबाने चालते ही खात्री हवी असली की आपण निरपराध्याला अपराधी ठरवतो. अलीफजाचेही तेच झाले आहे. बाविसाव्या अध्यायापर्यंत येता येता तो, ईयोबाने कधीही न केलेली पापे त्याच्या नावावर मांडू लागतो.

ईयोबाच्या बोलण्याला काय नाव द्यावे? निंदा नव्हे, नास्तिक्यही नव्हे. मला तर आपल्या गावांतला शब्द पुरेसा वाटतो : गाऱ्हाणे. पेडणे, डिचोली, सत्तरी येथे देवळापुढे किंवा राखणदारापुढे गाऱ्हाणे घालतात ते ऐका. देवाला त्याच्या नावांनी हाक दिली जाते, गावाचे हाल सांगितले जातात, आणि तू राखणदार असताना हे कसे घडले असे विचारलेही जाते. भोवतीची माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. गाऱ्हाणे घालणारा देवाला सोडून जात नाही. देवालाच पकडून ठेवतो. तुकोबांचेही असेच. दुष्काळात पत्नी गेली, मूल गेले. मग ते विठ्ठलाशी जे भांडले त्याला कोणी पाखंड म्हटले नाही. ईयोबाच्या भोवती 'व्हय म्हाराजा' म्हणणारे कोणी नव्हते, ही त्याची खरी शोकांतिका.

ईयोबाच्या पत्नीविषयीही बोलले पाहिजे. तिला साऱ्या ग्रंथात एकच वाक्य आहे आणि त्या एका वाक्यासाठी तिला दीड हजार वर्षे बोल लावला गेला. संत ऑगस्टीनने तर तिला सैतानाची मदतनीस ठरवले. देवाला शाप दे आणि मर, असे ती नवऱ्याला म्हणते, असे भाषांतरांत वाचायला मिळते. मूळ हिब्रूत तेथे क्रियापद आहे 'बाराख', म्हणजे आशीर्वाद देणे, स्तुती करणे! देवाच्या नावापुढे 'शाप' हा शब्द लिहिणे अशुभ, म्हणून तेथे त्याच्या उलट शब्द योजला, असे बहुतेक पंडित सांगतात. परभाषिकांना हे समजावून सांगावे लागते. आपल्याला लागत नाही. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. जाताना 'येतो' म्हणतो. तिच्या त्या वाक्यात शाप किती, आशीर्वाद किती, हे हिब्रूत काहीसे झाकलेलेच राहते. आणि ती दहाही मुले तिचीही होती हे तर कोणी बोलतच नाही. मला मात्र ती बाई वाचताना ओसरीवरून उठून दिवा लावायला आत गेलेल्या बाई दिसतात.

भाषांतरात अर्थ असा निसटतो. 'उपदेशक' ग्रंथाचा बीजशब्द 'हेवेल'. त्याचा मूळ अर्थ वाफ, फुंकर, श्वास. मराठीत तो 'व्यर्थ' झाला. व्यर्थ म्हणजे निरुपयोगी. वाफ निरुपयोगी नसते, ती क्षणभर असते आणि मुठीत धरता येत नाही. पौषातल्या पहाटे डिचोलीच्या नदीवर धुके उभे राहते, नऊ वाजता नसते. त्याला व्यर्थ कोण म्हणेल? याच ग्रंथात भाकर आनंदाने खा, प्रिय पत्नीसह सुखाने राहा असे सांगितले आहे, ते 'व्यर्थ' या अर्थाशी जुळत नाही. 'धुके' या अर्थाशी जुळते. सिराखपुत्राच्या ग्रंथाचे भाषांतर त्याच्या नातवाने मिसरात ग्रीकमध्ये केले आणि प्रस्तावनेत, हिब्रूतले बळ परभाषेत उतरत नाही म्हणून वाचकांची क्षमा मागितली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही प्रस्तावना मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे.

या गोमंतकात हे काम एकाने फार मोठ्या प्रमाणावर केले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली येथे आले, साष्टीत राहिले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. तेव्हा ते रोमन लिपीत होते. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले आणि मास्तरांनी आम्हाला त्याच प्रतीतून वाचून दाखवले. त्या पुराणाच्या निर्मितीमागे धर्मांतराचा आणि मोडलेल्या देवळांचा इतिहास आहे. तो झाकण्याची मला आवश्यकता वाटत नाही. पण निरूपणाच्या दृष्टीने मला त्यात एक गोष्ट मोलाची दिसते. आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचावे काय? पुढेही श्रोते मधूनमधून शंका काढतात आणि पाद्री उत्तरे देतात. प्रश्न विचारणारा ग्रंथाच्या आत बसलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर भागातील ख्रिस्ती कीर्तनकारांनी आणि पुढे रेव्हरंड टिळकांनी कीर्तनाचा जो अंगीकार केला, त्यातही श्रोत्याला सोबत घेण्याची हीच दृष्टी होती. आज आपल्या इगर्जीत प्रवचन कोकणीत होते, वसईत मराठीत. भाषा कोणतीही असो, ऐकणाऱ्याचा प्रश्न निरूपणात शिरू दिला नाही तर अलीफज तेवढा उरतो.

आता ग्रंथाचा शेवट. अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो, आणि ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो उलट विचारतो : समुद्राला दारे कोणी लावली, रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, जेथे एकही माणूस राहत नाही त्या ओसाड रानावर पाऊस कोणासाठी पडतो? पेरणीविना पडणारा पाऊस! पेरावे तसे उगवते हा हिशेब त्या रानात लागत नाही. काही वाचकांना हे उत्तर म्हणजे सत्तेची दमदाटी वाटते. मलाही तरुणपणी वाटले होते. पेरूचे धर्मचिंतक गुस्ताव्हो गुटिएरेस यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, निरपराध्याच्या दुःखाच्या मध्यभागी उभे राहून देवाविषयी कसे बोलावे हाच या ग्रंथाचा प्रश्न मानला आहे. ते वाचल्यावर माझे मत थोडे बदलले. पूर्ण बदलले असे म्हणवत नाही. शेवटी ईयोब जे बोलतो त्यातले क्रियापदही दुहेरी आहे. पश्चात्ताप होणे आणि सांत्वन होणे, दोहोंना हिब्रूत एकच धातू. मित्र ईयोबाच्या सांत्वनाला आले असे जेथे म्हटले आहे तेथेही तोच. धुळीत आणि राखेत बसलेल्या त्या माणसाला पश्चात्ताप झाला की समाधान मिळाले, यावर पंडितांचे एकमत नाही. पुलपिटावरून किंवा व्यासगादीवरून त्याचा निवाडा घाईने देऊ नये.

मग देव मित्रांवर रागावतो, ईयोब त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, आणि ती केल्यावर त्याचे दिवस पालटतात. सात हजार मेंढरांची चौदा हजार होतात, तीन हजार उंटांचे सहा हजार, बैलांच्या पाचशे जोड्यांच्या हजार, पाचशे गाढवींच्या हजार.

१९९८ साली मास्तर गेले. मी भेटीला गेलो. या वेळी मी बोललो नाही. ओसरीवर बसून राहिलो. दिवेलागणीला बाई आतून आल्या आणि त्यांनी काळ्या बांधणीचे ते पुस्तक माझ्या हाती दिले. घरी येऊन मी पहिल्यांदाच त्याचे 'ईयोबा'चे शेवटचे पान उघडले. समासात मास्तरांनी गणिताच्या शिक्षकासारखे आकडे मांडले होते. मेंढरे : ७०००, १४०००. उंट : ३०००, ६०००. बैलजोड्या : ५००, १०००. गाढवी : ५००, १०००. त्याखाली मुले : ७ आणि ३, ७ आणि ३. येथे दुप्पट झालेली नाही. त्या शेवटच्या ओळीपुढे पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवल्याची खूण आहे. कागद तेथे थोडा खचला आहे. लिहिलेले मात्र काही नाही.